नेट हळू? आधी आकडे बघा

नेट हळू झालं की आपल्याला ठरलेली दोन उत्तरं मिळतात. दुकानदार म्हणतो, "ताई, फोन जुना झाला." कनेक्शनवाला म्हणतो, "मोठा प्लॅन घ्या." दोन्हींत पैसे आपले जातात, आणि पुष्कळदा नेट होतं तसंच राहतं. कारण 'हळू' हे दुखण्याचं नाव नाही, ते नुसतं लक्षण आहे. ताप कशाचा हे रक्त तपासल्यावर कळतं, तसं नेटचं दुखणं कुठे आहे ते सांगणारे आकडे असतात. यंत्राला ते माहीत असतात. आपल्याला मात्र ते दाखवत नाही.

असे आकडे बाहेर काढण्याची धडपड जुनी आहे. सन २०००च्या सुमाराला अमेरिकेतल्या विद्यापीठांत भरपूर वेगाच्या लाइनी आल्या होत्या, तरी संशोधकांच्या फायली रांगतच जात. एखादा जाणकार येऊन संगणकाच्या आतली मांडणी हाताने बदलून गेला, की त्याच लाइनीवर वेग कित्येक पटींनी वाढे. म्हणजे दोष लाइनीचा नव्हताच. मग तो कोणाचा?

हे समजायला डब्यांचं उदाहरण घेऊ. समजा आपली खानावळ आहे आणि आपल्याकडे ६४ डबे आहेत. भरलेला डबा गेला, रिकामा परत आला, की मगच तो पुन्हा भरता येतो. रस्ता चारपदरी करा नाहीतर आठपदरी, सगळे डबे बाहेर असताना आपण हात बांधूनच बसणार. संगणकही असंच करतो. थोडी माहिती पाठवतो आणि 'पोचली' असा निरोप येईपर्यंत थांबतो. एका वेळी वाटेत किती माहिती ठेवायची याची त्याला मर्यादा असते. जुन्या यंत्रांत ती बहुधा ६४ केबी किंवा त्याहून कमी असे. जाऊन येऊन ७० मिलिसेकंद लागत असतील, तर सेकंदाला साधारण १४ फेऱ्या होतात. चौदा गुणिले ६४ म्हणजे ८९६ केबी, म्हणजेच सुमारे ७ एमबीपीएस. लाइन १०० एमबीपीएसची असली तरी पदरात पडणार सातच!

मॅट मॅथिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'वेब१००' या प्रकल्पात हेच उघडं केलं. प्रत्येक जोडणी किती वेळ कशासाठी अडून राहिली, हे संगणकाच्या पोटातून बाहेर काढून दाखवायची सोय त्यांनी केली. पाठवणारा अडला, घेणारा अडला, की वाटेत कोंडी झाली, हे त्यातून कळू लागलं. पुढे २००७ मध्ये अशा आकड्यांची यादी इंटरनेटच्या मानक दस्तऐवजांतही आली. डब्यांची ती मर्यादा आजची यंत्रं गरजेप्रमाणे आपली आपण वाढवतात, त्यामुळे तो त्रास बराच कमी झाला आहे. पण पाठवणारा, रस्ता, घेणारा हे तीन प्रश्न आजही तेच आहेत.

आता आपल्या हातातला फोन. वरच्या कोपऱ्यातल्या काड्यांवर आमचा फारसा विश्वास नाही. किती ताकदीला किती काड्या दाखवायच्या, हे फोन बनवणारा ठरवतो. खरा आकडा बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमध्ये 'फोनविषयी' आणि मग 'सिमची स्थिती' इथे मिळतो. तो उणे असतो, आणि उण्याचा आकडा जितका लहान तितकं बरं. फोरजीवर उणे ८५ उत्तम. उणे ११५ असेल तर नवा प्लॅन घेऊन काही होणार नाही, आधी खिडकीपाशी जाऊन बघा.

दुसरा आकडा पिंग, म्हणजे जाऊन येण्याचा वेळ. माइक मूस यांनी १९८३ मध्ये हा छोटासा प्रोग्राम लिहिला आणि पाण्याखालचा शोध घेणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिलं. वेग तपासणाऱ्या ॲपमध्ये पिंग दिसतो. तो दोनदा घ्या, एकदा घरात सगळं शांत असताना आणि एकदा कोणी मोठा व्हिडिओ पाठवत असताना. शांत असताना ४० आणि गडबडीत ५०० झाला, तर आपल्याच जोडणीच्या तोंडाशी रांग लागते आहे. मुलीचा ऑनलाइन तास तुटतो तो बहुधा अशा वेळी. व्हिडिओ रात्री पाठवा, फुकटात काम होईल.

तिसरा आकडा वाटेत हरवलेल्या पाकिटांचा, म्हणजे पॅकेट लॉसचा. शंभरात एक-दोन हरवली तरी जाणवतं, कारण डबा हरवला की पाठवणारं यंत्र कोंडी झाली असं समजून हात आखडता घेतं.

घरी वायफाय असेल तर एक तपासणी राउटरच्या शेजारी उभं राहून करा आणि एक नेहमीच्या जागेवर. शेजारी चांगलं आणि स्वयंपाकघरात वाईट, तर अडचण भिंतींची. दोन्हीकडे वाईट असेल, तर राउटरला तारेने जोडलेल्या संगणकावर बघा. तिथेही वाईट, आणि तेही रोज संध्याकाळीच, तर मात्र बाहेर कोंडी असण्याचा संभव मोठा. अशा वेळी वहीत तारीख, वेळ, पिंग आणि वेग असं आठवडाभर लिहून ठेवा. तक्रार करताना "नेट चालत नाही" एवढंच म्हणू नका, ती वही समोर ठेवा आणि तक्रारीचा नंबर त्याच पानावर लिहून घ्या.