लष्करी अधिकाऱ्याला सरकारी क्वार्टर मिळालं नाही तर? घरभाडे भत्त्याचं गणित समजून घ्या

लष्करी अधिकारी म्हटलं की कॅन्टोन्मेंटमधला बंगला, पुढे बाग आणि शांत रस्ते असं चित्र डोळ्यांसमोर येतं. पण बदली होऊन नव्या गावी पोहोचल्यावर लगेच सरकारी घर मिळेलच असं नाही. मग बायको-मुलांना घेऊन अधिकारी शहरात भाड्याचं घर शोधतो. या खर्चासाठी सरकार घरभाडे भत्ता, म्हणजेच एचआरए देतं.

तुम्हाला वाटेल, जेवढं भाडं तेवढा भत्ता. तसं नाही. हा भत्ता अधिकाऱ्याचं मूळ वेतन आणि शहराचा वर्ग या दोनच गोष्टींवर ठरतो. घरमालक किती भाडं मागतो, याचा त्यात विचार नसतो.

भत्ता कधी मिळतो?

सरकारी घर मिळालं तर एचआरए मिळत नाही. उलट अधिकाऱ्याच्या पगारातून लायसन्स फी कापली जाते. ही रक्कम बाजारभावापेक्षा बरीच कमी असते. घर शिल्लक नसेल तर स्थानिक स्टेशन मुख्यालय तसं प्रमाणपत्र देतं आणि त्याच्या आधारे भत्ता सुरू होतो.

घरांची ही टंचाई जुनी आहे. ती कमी करण्यासाठी केंद्र सरकारने २००२च्या सुमारास विवाहित जवान आणि अधिकाऱ्यांसाठी घरं बांधण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला. तरीही अनेक ठिकाणी घरासाठी प्रतीक्षा यादी असते.

किती पैसे मिळतात?

सातव्या वेतन आयोगानंतर शहरांच्या तीन वर्गांनुसार सध्याचे दर असे आहेत:

- एक्स वर्ग (मुंबई, पुणे): मूळ वेतनाच्या ३० टक्के
- वाय वर्ग (नागपूर, नाशिक, कोल्हापूर वगैरे): २० टक्के
- झेड वर्ग (उरलेली ठिकाणं, उदा. अहिल्यानगर): १० टक्के

आता मेजरचं उदाहरण घेऊ. सातव्या वेतन आयोगानुसार त्याचं सुरुवातीचं मूळ वेतन ६९,४०० रुपये. म्हणजे पुण्यात भत्ता २०,८२० रुपये, नाशिकला १३,८८० आणि अहिल्यानगरला फक्त ६,९४०. पुण्याहून अहिल्यानगरला बदली झाली की भत्ता एकदम एक-तृतीयांशावर येतो. घरभाडंही तेवढंच उतरेल, याची खात्री कुणी देत नाही.

अधिकाऱ्यांना दरमहा १५,५०० रुपये लष्करी सेवा वेतनही मिळतं. महागाई भत्ता काढताना ते धरलं जातं, एचआरए काढताना नाही. ते धरलं असतं तर पुण्यातल्या मेजरला दरमहा ४,६५० रुपये जास्त मिळाले असते.

अडचण कुठे येते?

पहिली अडचण तरुण अधिकाऱ्यांची. कॅप्टनचं सुरुवातीचं मूळ वेतन ६१,३००, कर्नलचं १,३०,६००. त्यामुळे पुण्यात कॅप्टनला १८,३९० रुपये मिळतात आणि कर्नलला ३९,१८०. पण दोघांना दोन मुलं असतील, तर दोघांनाही दोन बेडरूमचं घर लागणारच. कुटुंब किती मोठं आहे, हे या सूत्रात कुठेच येत नाही.

दुसरी अडचण, शहरांचे हे वर्ग २०११च्या जनगणनेतल्या लोकसंख्येवर ठरलेले आहेत. त्यानंतर शहरं किती पसरली आणि भाडी किती चढली, ते त्यात दिसत नाही.

तिसरी अडचण दरवाढीची. २०१७मध्ये दर २४, १६ आणि ८ टक्के होते. महागाई भत्ता २५ टक्क्यांच्या पुढे गेल्यावर जुलै २०२१पासून ते २७, १८ आणि ९ झाले. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर पोहोचल्यावर जानेवारी २०२४पासून ३०, २० आणि १० झाले. यापुढची पायरी ठरवलेलीच नाही. म्हणजे महागाई भत्ता वाढत राहिला तरी एचआरएची टक्केवारी तिथेच थांबते.

वर डिपॉझिट आणि दलालीचे पैसे एकदम मोजावे लागतात. बदलीच्या वेळी मूळ वेतनाच्या ८० टक्के अनुदान मिळतं खरं, पण नवा संसार मांडण्याचा खर्चही त्यातूनच भागवायचा असतो. शिवाय नव्या करप्रणालीत एचआरएवर करसवलत नाही.

अमेरिकेत काय करतात?

तिथे छावणीबाहेर राहणाऱ्यांचा भत्ता हुद्दा, त्या भागातलं प्रत्यक्ष घरभाडं आणि अवलंबून असलेलं कुटुंब आहे की नाही, यावर ठरतो. दर वर्षी भाड्याचा आढावा घेऊन दर बदलतात आणि भत्त्यावर केंद्रीय आयकर लागत नाही. ती पद्धतही शंभर टक्के भरपाई करत नाही. सरासरी खर्चाचा साधारण ५ टक्के वाटा सैनिकाने स्वतः उचलावा, असं धोरण आहे. पण मोजमापाची सुरुवात तरी घरभाड्यापासून होते.

पुढे काय?

न्या. रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखालचा आठवा वेतन आयोग नोव्हेंबर २०२५मध्ये स्थापन झाला. संरक्षण दलांचे पगार आणि भत्तेही त्याच्या कक्षेत येतात. त्यामुळे एचआरएच्या दरांची चर्चा पुन्हा होणार हे नक्की. त्या वेळी टक्केवारी किती वाढली, एवढंच पाहू नका. भत्ता पगाराकडे बघून ठरतोय की घरभाड्याकडे, हेही बघा. दर दोन-तीन वर्षांनी मुलांची शाळा आणि घराचा पत्ता बदलणाऱ्या कुटुंबासाठी खरा फरक तिथे पडतो.