फ्रेंच दरवाजा आणि कोकणची पडवी

पनवेलनजीक विचुंबे येथे घर बांधताना बागेकडे उघडणारा फ्रेंच दरवाजा बसवावयाचा झाल्यास प्रथम पावसाचा विचार करावयास हवा. हा दरवाजा म्हणजे जमिनीपर्यंत उतरलेली, काचेच्या दोन झडपांची खिडकीच होय. व्हर्सायच्या आरसेमहालातील (१६७८–८४) १७ उंच कमानदार खिडक्याही उद्यानाकडेच उघडतात. परंतु पॅरिसला वर्षाकाठी सुमारे ६४० मिलिमीटर पाऊस पडतो. उत्तर कोकणात त्याच्या तिपटीहून अधिक पाऊस चार महिन्यांतच कोसळतो. नैर्ऋत्य वाऱ्याची झड झडपांच्या सांध्यांतून व उंबऱ्यावरून आत शिरते. लाकूड फुगते, भिंती ओलावतात.

यावरील उपाय कोकणी घरातच आहे. उतरत्या छपराखालील पडवी ही झड बाहेरच अडविते. म्हणून दरवाजा पडवीच्या आतील भिंतीत, शक्यतो उत्तरेस वा पूर्वेस, बसवावा. झडपा बाहेर उघडणाऱ्या असाव्यात, म्हणजे वारा त्यांना चौकटीवर दाबून धरील. उंबरा उंच ठेवावा आणि बागेतील फरसबंद अंगणास घरापासून दूर, दर मीटरला दोन सेंटिमीटर उतार द्यावा.

पडवी वगळून केवळ काच स्वीकारल्यास शोभा मिळेल, निवारा मिळणार नाही.