खेळानंतरची भाकरी

खो-खोला खर्च तो काय? मोकळं मैदान, दोन खांब आणि चुन्याच्या रेघा. आठ मुली एकाआड एक तोंडं फिरवून बसतात, नववी पाठलाग करते. महागडं साहित्य लागत नाही. म्हणूनच आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या गरिबाघरच्या मुलींना हा खेळ परवडतो. परंतु आम्ही पडलो कारकुनी पेशाचे. जमाखर्चाची दुसरी बाजूही बघतो. खेळाला पैसा लागत नसेल, पण खेळणाऱ्या पोरीला पोटभर जेवण लागतं. आणि खेळ संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न आईबापांना सुटत नाही.

या प्रश्नाला उत्तर म्हणून आम्ही सारिका काळे यांचं नाव घेतो. तेराव्या वर्षी मामांनी त्यांना मैदानावर नेलं. आई शिवणकाम करायची. शारीरिक अडचणींमुळे वडिलांना फारसं कमावता येत नव्हतं. सारं घर आजी-आजोबांच्या कमाईवर. जवळजवळ दहा वर्षं दिवसातून एकदाच जेवायला मिळायचं, असं सारिकाताईंनी स्वतःच २०२० साली सांगितलं आहे. चांगलं खायला मिळे ते शिबिरात, नाहीतर स्पर्धेला गेल्यावर.

२०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने सुवर्णपदक जिंकलं. त्याच वर्षी पैशाच्या ओढाताणीपायी खेळ सोडण्याचं त्यांनी ठरवलं होतं! आजीने प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांना कळवलं, त्यांनी समजूत घातली आणि सारिकाताई मैदानावर परतल्या. पुढे त्या शासनाच्या सेवेत क्रीडा अधिकारी झाल्या. तुळजापूरला त्या पदावर असतानाच, २०२० मध्ये, त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला हा मान तब्बल २२ वर्षांनी लाभला. त्याआधी १९९८ साली तो शोभा नारायण यांना मिळाला होता.

पुरस्काराचा अभिमान आहेच. पण आम्हांस त्या नोकरीचं मोल अधिक वाटतं. पदक भिंतीवर राहतं, पगाराने चूल पेटते. शिवाय जिने मैदानावर उपाशीपोटी धाव घेतली, तीच तालुक्याच्या खेळाचा कारभार पाहते, तेव्हा खेड्यातल्या आईचा धीर वाढतो. मैदानाच्या कडेला आपल्यासारख्याच घरातली बाई उभी दिसली, तर मुलीला संध्याकाळी सरावाला पाठवताना मन कचरत नाही.

म्हणून पालकांना दोन कामाच्या गोष्टी सांगतो. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. मात्र त्यासाठी प्रमाणपत्रांची पडताळणी होते, तेव्हा स्पर्धेचा प्रत्येक कागद जपून ठेवा. दुसरं, पदाला लागणारं शिक्षण खेळाडूलाही चुकत नाही. खेळासाठी शाळा सोडवू नका आणि दहावी आली म्हणून खेळही सोडवू नका.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात भारतीय महिलांनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्या संघात आपल्या धाराशिवची अश्विनी शिंदे होती. म्हणजे मैदान रिकामं पडलेलं नाही. मात्र एखादी पोर अचानक सरावाला यायची थांबली, तर तिच्या घरी कोण जाणार? ते काम प्रशिक्षकावरच न टाकता शेजारी म्हणून आपणही करावं.