ई-मेल विपणन व अतिथी लेखन

ज्या व्यक्तींनी आपला ई-मेल पत्ता स्वेच्छेने दिलेला आहे, अशा व्यक्तींना नियमितपणे माहितीपर पत्रे पाठवून वस्तूंची वा सेवांची विक्री वाढविण्याच्या पद्धतीस ‘ई-मेल विपणन’ असे म्हणतात. दुसऱ्याच्या मालकीच्या नियतकालिकात वा संकेतस्थळावर, तेथील वाचकांसाठी, आपल्या व्यवसायाशी निगडित अशा विषयावर व्यावसायिकाने स्वतःच्या नावाने लिहिलेल्या लेखास ‘अतिथी लेख’ अशी संज्ञा आहे. या दोन्ही पद्धती स्वतंत्रपणे अवलंबिता येतात. तथापि त्या परस्परपूरक आहेत. ई-मेल विपणनास पत्त्यांची सूची लागते आणि नव्या, अल्प भांडवलाच्या व्यवसायापाशी ती नसते. अतिथी लेखामुळे ही उणीव काही अंशी भरून निघते. उलटपक्षी लेखाचा प्रभाव थोडे दिवसच टिकतो. वाचकाने आपला पत्ता नोंदविला, तर मात्र त्याच्याशी दीर्घकाळ संबंध ठेवता येतो. दोन्ही पद्धतींचा पाया वाचकाचा विश्वास हाच असून तो ढळल्यास दोन्ही निष्फळ ठरतात.

पूर्वपीठिका : ग्राहकास टपालाने गाठून विक्री करण्याची पद्धत जुनी आहे. अमेरिकेत अ‍ॅरन माँटगोमेरी वॉर्ड यांनी १८७२ मध्ये शिकागो येथून एका पानाची वस्तुसूची प्रसृत करून ग्रामीण ग्राहकांना थेट माल विकण्यास आरंभ केला. रिचर्ड सिअर्स यांनी १८८८ मध्ये घड्याळे व दागिने यांची अशीच सूची काढली. भारतात १८७७ मध्ये टपाल खात्याने ‘व्ही. पी.’ची सोय सुरू केली. माल हाती पडल्यावर पोस्टमनजवळ पैसे भरावयाचे असल्याने दूरच्या अपरिचित विक्रेत्याकडून वस्तू मागविण्याची ग्राहकाची भीती पुष्कळशी कमी झाली आणि पुस्तके, औषधे, बियाणे इत्यादींच्या टपाल-विक्रीस चालना मिळाली.

उपयुक्त मजकूर देऊन ग्राहक जोडण्याची कल्पनाही अशीच जुनी आहे. शेतीची अवजारे बनविणाऱ्या जॉन डीअर या अमेरिकन कंपनीने १८९५ मध्ये द फरो हे शेतकऱ्यांसाठीचे नियतकालिक सुरू केले. महाराष्ट्रात किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातर्फे शंकरराव किर्लोस्कर यांनी १९२० मध्ये किर्लोस्कर खबर हे मासिक काढले. प्रारंभी कारखाना व त्याची उत्पादने यांविषयीची माहिती देणाऱ्या या मासिकाने पुढे बाहेरच्या लेखकांचे साहित्य व सर्वसामान्य वाचकांस रुचतील असे विषय स्वीकारले आणि १९२९ पासून ते किर्लोस्कर या नावाने प्रसिद्ध होऊ लागले. व्यवसाय व वाचक यांत लेखनाद्वारे नाते जोडता येते, याचे हे मराठीतील ठळक उदाहरण होय.

ई-मेलचा उदय : संगणकजालावरून एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पत्र पाठविण्याचा प्रयोग रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये यशस्वी केला, पत्त्यातील ‘@’ हे चिन्हही त्यांनीच योजिले. या साधनाचा विक्रीसाठी झालेला पहिला मोठा उपयोग मात्र ग्राहकाच्या संमतीविना झाला. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे गॅरी थर्क यांनी मे १९७८ मध्ये ‘आर्पानेट’ जालावरील सुमारे ४०० जणांना नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकांचे निमंत्रण एकाच वेळी धाडले आणि त्याबद्दल त्यांच्यावर तक्रारींचा वर्षाव झाला. अशा अनाहूत पत्रांना पुढे ‘स्पॅम’ हे नाव रूढ झाले. १९९० नंतर इंटरनेट सर्वसामान्यांस उपलब्ध होताच त्यांचा सुळसुळाट झाला. कारण टपालपत्रास जसा कागद, छपाई व तिकिटे यांचा खर्च येतो, तसा हजारो ई-मेल पाठविण्यास जवळजवळ येत नाही. परिणामी खर्चाचा भार पाठविणाऱ्यावर न पडता नको असलेली पत्रे निवडून काढणाऱ्या वाचकाच्या वेळेवर पडला. या अनुभवातून ‘अनुमती विपणना’चा विचार पुढे आला. सेथ गॉडिन यांच्या पर्मिशन मार्केटिंग (१९९९) या ग्रंथामुळे तो विशेष प्रसृत झाला. ग्राहकाचे लक्ष बळाने वेधण्यापेक्षा त्याची परवानगी मिळवावी आणि ती टिकवावी, असे त्याचे सार आहे.

कार्यपद्धती : अतिथी लेखाच्या साहाय्याने सूची उभारण्याच्या कार्यात सामान्यतः पाच टप्पे असतात. (१) व्यावसायिक आपल्या संभाव्य ग्राहकांचे वाचन कोणत्या प्रकाशनात होते, हे शोधतो. वाचकसंख्येपेक्षा वाचकांचा प्रकार अधिक महत्त्वाचा असतो. (२) त्या प्रकाशनाच्या संपादकास विषय सुचवून तो लेख लिहितो. लेखात वाचकाच्या एखाद्या अडचणीचे पूर्ण निरसन असावे लागते. मालाची स्तुती असलेला मजकूर जाणता संपादक स्वीकारीत नाही. (३) लेखाच्या शेवटी लेखकपरिचयाच्या दोन-तीन ओळी असतात व तेथे त्याच्या संकेतस्थळावरील एका विशिष्ट पृष्ठाचा दुवा दिलेला असतो. या पृष्ठावर लेखाच्या विषयास पूरक अशी पुस्तिका, तक्ता वा पत्रमाला देऊ केलेली असते आणि ती हवी असल्यास वाचक आपला पत्ता नोंदवितो. (४) नोंदणीनंतर त्या पत्त्यावर एक पुष्टिपत्र जाते व त्यातील दुवा दाबल्यावरच नाव सूचीत येते. या ‘दुहेरी पुष्टी’मुळे चुकीचे वा दुसऱ्याच कोणी भरलेले पत्ते गळून पडतात. (५) त्यानंतर स्वागतपत्र, माहितीपर पत्रांची माला आणि प्रसंगोपात्त विक्रीचे निवेदन, या क्रमाने पत्रव्यवहार चालतो.

उदा., रत्नागिरीच्या एखाद्या आंबा बागायतदारास दलालाविना शहरातील ग्राहकास माल विकावयाचा आहे, असे समजू. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळालेला असला, तरी इतर आंबे हापूस म्हणून विकले जाण्याचा प्रकार ग्राहकाच्या परिचयाचा असतो. तेव्हा ‘आमचा आंबा घ्या’ अशा मजकुरापेक्षा अस्सल हापूस कसा ओळखावा, फळे पिकविण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास बंदी का आहे, पेटी घरी आल्यावर फळे गवतात कशी ठेवावीत, असे सांगणारा लेख पाकविषयक वा आरोग्यविषयक प्रकाशनात आल्यास तो वाचकाच्या खरोखर उपयोगी पडतो. समजा, हा लेख ४,००० जणांनी वाचला, त्यांपैकी १२० जण दुव्यावरून पुढे गेले, ४० जणांनी पत्ता नोंदविला, ३६ जणांनी पुष्टी दिली आणि हंगामात ६ जणांनी पेट्या मागविल्या. वाचकसंख्येच्या मानाने हा आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु उरलेले ३० जण सूचीत राहतात. पुढील वर्षी मोहोर कसा आला, अवकाळी पावसाने काय झाले, तोडणी केव्हा सुरू होईल, हे त्यांना कळविण्यास नवा खर्च येत नाही. असे दहा लेख प्रसिद्ध झाल्यास सूची ३६० नावांची होते व लहान बागेच्या दृष्टीने ती पुरेशी मोलाची असते. (येथील आकडे केवळ गणित समजावण्यासाठी कल्पिलेले आहेत, प्रत्यक्षात ते विषय, प्रकाशन व हंगाम यांनुसार पुष्कळच बदलतात.)

अतिथी लेखनाच्या बळावर वाढलेल्या व्यवसायाचे बहुचर्चित उदाहरण म्हणजे ‘बफर’ ही २०१० मध्ये सुरू झालेली संगणकीय सेवा होय. तिचे एक संस्थापक लिओ विड्रिच यांनी दिलेल्या माहितीनुसार, सुमारे नऊ महिन्यांत त्यांनी दीडशेच्या आसपास अतिथी लेख लिहिले व त्या काळात सेवेचे वापरकर्ते एक लाखापर्यंत पोहोचले. प्रारंभीच्या लेखांनी फारसे वाचक आणले नव्हते, हेही त्यांनी नमूद केले आहे. या पद्धतीत पैशाची बचत होत असली, तरी श्रम व सातत्य यांची किंमत मोजावी लागते, हे यावरून दिसते.

लाभ व मर्यादा : सामाजिक माध्यमांवरील अनुयायी हे त्या माध्यमाच्या कंपनीच्या नियमांस अधीन असतात, नियम बदलताच त्यांच्यापर्यंत पोहोचणे अवघड होते. पत्त्यांची सूची मात्र व्यावसायिकाजवळ राहते व एका सेवेकडून दुसऱ्या सेवेकडे नेता येते. तसेच यजमान प्रकाशनाने लेखकावर दाखविलेला विश्वास काही अंशी त्याच्या व्यवसायासही लाभतो. मर्यादाही अनेक आहेत. लेख व पत्रे यांचा विषय भिन्न पडल्यास नोंदणी केलेला वाचक लवकरच नाव काढून घेतो. पत्र किती जणांनी उघडले, हा पूर्वी यशाचा मुख्य मापदंड मानीत. परंतु ॲपल कंपनीने २०२१ मध्ये आपल्या टपाल-प्रणालीत खासगीपणाचे संरक्षण वाढविल्यापासून तो आकडा विश्वसनीय राहिलेला नाही. म्हणून दुव्यांचा वापर, आलेली उत्तरे व प्रत्यक्ष मागण्या यांवरून यश मोजणे श्रेयस्कर ठरते.

पत्र वाचकाच्या टपालपेटीत पोहोचणे, हाही स्वतंत्र प्रश्न आहे. पाठविणारा तोच आहे, याची खात्री पटविणाऱ्या ‘एसपीएफ’, ‘डीकिम’ व ‘डीमार्क’ या तांत्रिक पद्धती रूढ झाल्या आहेत. गूगल व याहू या कंपन्यांनी फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठविणाऱ्यांवर अधिक कडक अटी टप्प्याटप्प्याने लादल्या. गूगलच्या बाबतीत दिवसाला ५,००० वा अधिक पत्रे पाठविणाऱ्यास या तिन्ही पद्धती अनुसराव्या लागतात, नाव काढून घेण्याची सोय एका कळीत द्यावी लागते आणि ‘स्पॅम’ म्हणून येणाऱ्या तक्रारींचे प्रमाण ०·३ टक्क्यांच्या खाली ठेवावे लागते. म्हणजे हजार पत्रांमागे तीन तक्रारीही घातक ठरू शकतात. पत्त्यांच्या आयत्या याद्या विकत घेण्यातील धोका यावरून स्पष्ट होतो. त्या यादीतील कोणीही त्या व्यावसायिकास परवानगी दिलेली नसते.

दुरुपयोग : अतिथी लेखनाचाही असाच ऱ्हास घडून आला. शोधयंत्रे एखाद्या पृष्ठाचे महत्त्व ठरविताना त्याकडे येणाऱ्या दुव्यांचा विचार करतात. त्यामुळे वाचकासाठी न लिहिता केवळ दुवा मिळविण्यासाठी लिहिलेल्या निकृष्ट लेखांचा बाजार सुरू झाला. पैसे घेऊन लेख छापणारी संकेतस्थळेही निघाली. गूगलमध्ये अशा गैरप्रकारांविरुद्ध काम करणाऱ्या विभागाचे तत्कालीन प्रमुख मॅट कट्स यांनी जानेवारी २०१४ मध्ये, केवळ दुव्यांसाठी चाललेले अतिथी लेखन थांबवावे, असा जाहीर इशारा दिला. मोबदला देऊन मिळविलेला दुवा तसा दर्शविण्यासाठी २०१९ मध्ये स्वतंत्र खूणही ठरविण्यात आली. वाचकांस उपयुक्त असलेल्या लेखनास मात्र या निर्बंधांची झळ पोहोचण्याचे कारण नाही.

कायदे : अमेरिकेतील २००३ चा ‘कॅन-स्पॅम’ कायदा पूर्वसंमती सक्तीची करीत नाही, परंतु फसवे शीर्षक वापरण्यास मनाई करतो, पाठविणाऱ्याचा टपालाचा पत्ता देणे आवश्यक ठरवितो आणि नाव काढण्याची विनंती कामकाजाच्या १० दिवसांत अंमलात आणावयास लावतो. यूरोपीय संघात २००२ च्या निर्देशानुसार सर्वसाधारणपणे पूर्वसंमती घ्यावी लागते. विद्यमान ग्राहकांच्या बाबतीत मर्यादित सवलत आहे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाविषयीचा तेथील व्यापक कायदा २५ मे २०१८ पासून लागू झाला. कॅनडाचा कायदा २०१४ पासून अंमलात असून तोही संमतीवर आधारित आहे.

भारतात दूरध्वनी व लघुसंदेश यांद्वारे होणाऱ्या अनाहूत जाहिरातींसाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ चे विनियम आहेत. ई-मेल त्यांच्या कक्षेत येत नाही. मात्र २०२३ च्या अंकीय व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियमानुसार संमती ही मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त व निःसंदिग्ध असली पाहिजे आणि ती देणे जितके सोपे, तितकेच ती काढून घेणेही सोपे असले पाहिजे. या अधिनियमाखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले व त्यांतील तरतुदी टप्प्याटप्प्याने अंमलात आणण्याचे ठरले. शिवाय ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खालील २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, एखाद्या मालाची भलावण करणाऱ्याचा त्या मालाच्या विक्रेत्याशी असलेला महत्त्वाचा हितसंबंध उघड करणे आवश्यक आहे.

मूल्यमापन : ई-मेल विपणन व अतिथी लेखन यांत व्यावसायिक दोन गोष्टी उसन्या घेत असतो : एक यजमान संपादकाची पत व दुसरी वाचकाचा वेळ. मोठ्या जाहिरातींचा खर्च न पेलणाऱ्या कारागीर, शेतकरी, लहान प्रकाशक व सल्लागार यांना हे उसने मिळू शकते, हेच या पद्धतीचे सामर्थ्य होय. त्याची परतफेड उपयुक्त लेखाने व वाचनीय पत्राने होते. ती झाली नाही, तर नाव काढून घेण्यास वाचकाला एक कळ पुरते आणि वर्षानुवर्षे जमविलेली सूची अल्पावधीत निरुपयोगी होते.