स्वरांचा मसुदा आणि त्याची दुरुस्ती

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात कुंभार पिंपळगाव वसले आहे, आणि त्याच्या शेजारीच ते जांब आहे, जेथे १६०८ साली सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी नारायण या नावाने समर्थ रामदासांचा जन्म झाला. ज्या कवीने २०५ श्लोक एकाच भुजंगप्रयात वृत्तात रचून ते मनाला उद्देशून सांगितले, त्याच्या जन्मभूमीच्या आसमंतात ते म्हणण्याच्या चाली पुष्कळ असाव्यात आणि त्यांपैकी बहुतेक कोणत्याही दप्तरी नोंदलेल्या नसाव्यात, यात आश्चर्य नाही; कारण चाल ही एका कंठातून दुसऱ्या कंठात उतरत आलेली वस्तू, आणि जोवर म्हणणारे व ऐकणारे एका ओसरीवर बसलेले असतात तोवर तिला कागदाची गरज भासत नाही. परंतु शाळेतील पेटीवादक, बासरी शिकणारा विद्यार्थी, आणि परदेशात वाढल्यामुळे केवळ पाश्चात्त्य पद्धतीचे स्टाफ नोटेशनच वाचू शकणारा एखादा नातू, या तिघांना तीच चाल एकत्र वाजवावयाची असेल, तर मात्र ती लिहून काढण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

असे लेखन संगणकावर करण्याचे दोन मार्ग आहेत. एकात पडद्यावरील पाच रेघांवर बोटाने किंवा माऊसने एकेक स्वर नेऊन ठेवावयाचा. दुसऱ्यात स्वरांची नावे, त्यांची लांबी आणि इतर सूचना साध्या अक्षरांत टंकावयाच्या, आणि तो मसुदा वाचून पृष्ठ रचण्याचे काम संगणकावर सोपवावयाचे. हान-वेन निनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोघा डच संगीतप्रेमींनी १९९६ मध्ये आरंभ केलेले 'लिलीपॉन्ड' हे या दुसऱ्या मार्गावरील सर्वांत समर्थ साधन आहे, आणि ते सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहे. त्याच मार्गावरील ख्रिस वॉलशॉ यांची 'एबीसी' पद्धती लोकगीतांच्या लहान चालींसाठी अधिक सुटसुटीत आहे. पहिला मार्ग डोळ्यांना सुखद वाटतो हे खरे. तथापि ज्याला आपल्या लेखनातील चूक शोधावयाची आहे आणि पृष्ठ आपल्या परंपरेच्या मापाने घडवावयाचे आहे, त्याने दुसरा मार्ग पत्करावा असे माझे निश्चित मत आहे, कारण अक्षरांत लिहिलेल्या संगीताची ओळ न् ओळ हिशेबाच्या वहीप्रमाणे पडताळून पाहता येते.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. १८६० साली जन्मलेल्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्याघराण्यांतून मिळवलेल्या शेकडो चिजा 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत प्रसिद्ध केल्या, त्या अक्षरांतच: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राखाली बिंदू, तारावर बिंदू, समेला फुली आणि खालीला शून्य, एवढ्या सामग्रीवर त्यांनी ते प्रचंड काम तडीस नेले. १९०१ च्या मे महिन्यात लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन करणाऱ्या पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांची पद्धती लयीच्या चिन्हांनी अधिक संपन्न होती, परंतु भातखंड्यांची चिन्हे लिहिण्यास आणि छापण्यास सोपी, म्हणून तीच अधिक रुजली. ज्या कोणी प्रवेशिका किंवा मध्यमा परीक्षेसाठी 'सा रे ग म' चौकटीत मांडले आहे, त्याला संगीत अक्षरांत लिहिण्याची सवय आधीपासूनच झालेली असते.

आता श्लोकाकडे वळू. भुजंगप्रयात म्हणजे चार यगण. यगण म्हणजे एक लघू आणि दोन गुरू. म्हणून एका चरणात बारा अक्षरे आणि वीस मात्रा. लघूला एक आणि गुरूला दोन मात्रा दिल्या की पाच मात्रांचा विभाग आपोआप सिद्ध होतो, परंतु आघात गुरूवर येत असल्यामुळे आरंभीचा लघू विभागाच्या बाहेर, आघातापूर्वी उभा राहतो, आणि शेवटच्या विभागात उरणारी एका मात्रेची जागा पुढील चरणाचा लघू येऊन भरून काढतो. लिलीपॉन्डमध्ये हे सांगण्यासाठी 'पार्शल' नावाची आज्ञा आहे, आणि नवशिक्याचा पहिला अडथळा बहुधा येथेच असतो: ती आज्ञा विसरली की संगणक पहिल्या लघूलाच विभागाचा आरंभ समजतो आणि साऱ्या श्लोकाचे आघात एका मात्रेने चुकीच्या अक्षरांवर पडतात. कागद निघतो, तो दिसतोही सुबक, आणि म्हणूनच ही चूक घातक असते.

तिच्यावर उपाय त्याच अक्षरांत आहे. प्रत्येक विभाग संपला की उभी रेघ टंकावी. ही रेघ छापली जात नाही. ती संगणकाला दिलेली पडताळ्याची जागा असते, आणि तेथे मात्रांचा हिशेब जुळला नाही तर कोणत्या ओळीत, कितव्या स्तंभात आणि विभागाच्या कोणत्या अंशावर तफावत आढळली याचा इशारा मिळतो. पाच मात्रांच्या विभागात साडेचारच भरल्या असतील, तर ती अर्धी मात्रा कोठे गळाली हे दोन रेघांच्या दरम्यानच शोधावे लागते, चार पृष्ठे चाळावी लागत नाहीत. प्रत्येक विभाग मसुद्यात स्वतंत्र ओळीवर लिहिण्याची शिस्त पाळली तर इशाऱ्यातील ओळीचा क्रमांक हाच विभागाचा पत्ता ठरतो.

दुसरी चूक सप्तकाची. लिलीपॉन्डमध्ये 'रिलेटिव्ह' नावाची सोय आहे, तिच्यात प्रत्येक स्वर मागील स्वराच्या जवळात जवळ असलेल्या सप्तकातला मानला जातो, त्यामुळे वारंवार सप्तकाची खूण करावी लागत नाही. परंतु मध्य षड्जापासून मध्य पंचम पाचवा आणि मंद्र पंचम चौथा पडतो. म्हणून 'सा' नंतर नुसता 'प' लिहिला की संगणक खालचा पंचम उचलतो, आणि त्यापुढील प्रत्येक स्वर आपल्या पूर्वस्वराला धरून चालत असल्यामुळे सगळी चाल खालच्या सप्तकात उतरते. गायकाला 'सा प' म्हणजे नेहमीचीच झेप. यंत्राला मात्र ती वर जाणारी आहे हे 'प'नंतर वरचा स्वल्पविराम देऊन सांगावे लागते. पृष्ठाच्या मध्यावरून पुढचे सर्व स्वर अकस्मात खाली गेलेले दिसले, तर दोष पुढच्या स्वरांत शोधू नये. जेथे घसरण सुरू झाली त्या एका स्वरावर खूण द्यावी, बाकीचे सारे आपोआप जागेवर येतात.

तिसरी चूक आपल्या थाटपद्धतीत मुरलेल्या माणसाला विशेष भोवते. आरंभी भैरवी थाटाची चिन्हे जाहीर केली म्हणजे पुढे नुसते 'रे' आणि 'ग' लिहिले तरी ते कोमलच निघतील, असा समज सहज होतो. परंतु ती घोषणा केवळ छपाईपुरती असते. मसुद्यात कोमल ऋषभ प्रत्येक वेळी कोमल म्हणूनच लिहावा लागतो, नाहीतर शुद्ध ऋषभ निघतो आणि त्याच्यापुढे शुद्धत्वाचे चिन्हही छापले जाते. कागदावर अशी अनपेक्षित चिन्हे दाटू लागली की यंत्रावर रोष न धरता आपण मसुद्यात काय लिहिले ते आधी पाहावे.

इशाऱ्यांची यादी लांबलचक आली तर पुष्कळ माणसे हातपाय गाळतात. तीत वाचावयाचा असतो तो पहिला इशारा. महिरपी कंस उघडून बंद करावयाचा राहिला, तर त्याचा परिणाम पुढील वीस ओळींना भोगावा लागतो, आणि तक्रार जेथे नोंदली जाते तेथे दोष असतोच असे नाही; तो बहुधा थोडा वर असतो. पहिला दोष काढून मसुदा पुन्हा चालवावा, म्हणजे उरलेल्यांपैकी बरेच त्याचेच वंशज होते असे ध्यानात येते. आणखी एक प्रसंग असा की चाल ऐकून तपासण्यासाठी 'मिडी' हा शब्द मसुद्यात घातला, आणि ध्वनी मिळाला पण कागद निघणे बंद झाले. 'लेआउट' हा शब्दही सोबत लिहिला की दोन्ही मिळतात. ऐकून तपासणे मी आवश्यक मानतो, कारण पेटीवर वर्षानुवर्षे बसलेल्या कानाला चुकीचा गांधार कागदावर दिसण्याच्या आधी ऐकू येतो.

शब्दांचा विषय अधिक नाजूक आहे. प्रत्येक गेय अक्षर स्वतंत्रपणे तोडून लिहावयाचे, आणि एका स्वराला एक अक्षर या क्रमाने संगणक ते खाली मांडत जातो; 'विठ्ठल' हा शब्द 'वि', 'ठ्ठ', 'ल' असा तुटतो, 'वि', 'ठ्', 'ठल' असा नव्हे. एक अक्षर जरी राहिले तरी पुढील सर्व शब्द एक स्वर आधी येतात. येथे अक्षरगणवृत्ताचे ऋण मानावेसे वाटते: चरणात बारा अक्षरे आणि श्लोकात अठ्ठेचाळीस, हा हिशेब सर्व श्लोकांना लागू असल्यामुळे चूक कोणत्या चरणात झाली हे मोजूनच सांगता येते, आणि एकदा नीट बसवलेली चाल पुढच्या प्रत्येक श्लोकाला निमूटपणे स्वीकारते. ओवी किंवा अभंग यांच्या बाबतीत ही निश्चिंती नाही. तेथे अक्षर लांबवावे लागते, आणि त्या जागी आपल्या परंपरेतील अवग्रह लिहिला की यंत्र त्याला एक अक्षर समजून स्वराखाली मुकाट्याने ठेवते.

देवनागरीची अक्षरे कागदावर चौकोनी खोक्यांच्या किंवा निरर्थक चिन्हांच्या रूपाने उमटली, तर कारण बहुधा दोहोंपैकी एक असते. संगणकात देवनागरीचा युनिकोड फॉन्ट नसतो, किंवा मजकूर जुन्या टंकपद्धतीत लिहिलेला असतो, जिच्यात पडद्यावर मराठी दिसले तरी आत इंग्रजी अक्षरांचेच संकेत साठवलेले असतात. लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानांतून आलेल्या जुन्या फाइली अनेकदा अशा असतात; त्या आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करूनच वापराव्यात. तार स्वराच्या बिंदूसाठी अनुस्वार टंकण्याचा मोहही टाळावा, कारण यंत्राच्या दृष्टीने तो अनुस्वारच राहतो. स्वरांना 'सा, रे, ग' अशी देवनागरी नावे देण्याची तजवीज लिलीपॉन्डमध्ये स्वतः करून घेता येते. लांबीचे अंक मात्र इंग्रजीच ठेवावे लागतात.

चूक निघाली की मग पृष्ठ आपल्या सोयीने घडवण्याचा अधिकार प्राप्त होतो, आणि तो बजावताना हुकूम कोठे लागू होणार याचे भान हवे. लिलीपॉन्डमध्ये सबंध रचना, तिच्यातील एक पंचरेषा आणि त्या पंचरेषेतील एक आवाज अशी उतरंड आहे, जशी महसुलात जिल्हा, तालुका आणि गाव यांची असते; आवाजाला दिलेला हुकूम शेजारच्या आवाजाला लागू होत नाही, आणि जी वस्तू पंचरेषेच्या अखत्यारीत आहे तिच्याबद्दल आवाजाकडे केलेला अर्ज निष्फळ ठरतो. 'बदल लिहिला पण परिणाम झाला नाही' या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा येथेच असते. 'ओव्हरराइड' हा बदल पुढे चालू राहतो, 'रिव्हर्ट' तो मागे घेतो, 'वन्स' तो एका क्षणापुरता ठेवतो, आणि 'ट्वीक' एकाच खुणेला स्पर्श करतो. जेथे एक स्वर हलवून काम भागते तेथे सबंध पृष्ठाचा नियम बदलू नये.

आपल्या श्लोकाला लागणारे बदल थोडेच आहेत. पाच मात्रांचा विभाग दिला की यंत्र लहान स्वरांचे गट तीन आणि दोन असे जोडते. आपल्याला दोन, दोन, एक हवे असतात, तेव्हा तसे स्पष्ट सांगावे. पहिली ओळ आत सरकते, ती सरळ करावी. वडीलधाऱ्या पेटीवादकांसाठी पंचरेषेचे मूळ वीस पॉइंटांचे माप सव्वीसपर्यंत वाढवावे, आणि पहिला श्लोक स्वरांखाली ठेवून बाकीचे साध्या मजकुराच्या रूपाने पुढे छापावेत.

सर्वांत उपयुक्त बदल पट्टीचा. पुरुष काळी एकमध्ये आणि मुली काळी चारमध्ये म्हणणार असतील, तर चाल एकदाच लिहून 'ट्रान्स्पोज' या आज्ञेने ती दोन्ही पट्ट्यांत काढता येते. परंतु काळी चारला जी-शार्प म्हटले तर शुद्ध स्वरांच्या सप्तकातही एक दुहेरी शार्प उपटतो, आणि ए-फ्लॅट म्हटले तर चार फ्लॅटांत काम संपते. म्हणून नाव विचारपूर्वक द्यावे. त्याच पृष्ठावर खाली सरगम हवी असेल, तर चालीला मसुद्यात एक नाव देऊन ठेवावे, पट्टीबदलाची आज्ञा केवळ पंचरेषेला लावावी आणि सरगमीची ओळ मूळ चालीवरूनच काढावी. नाहीतर षड्जाच्या जागी भलत्याच स्वराचे नाव छापले जाते. स्टाफ नोटेशन स्थिर पट्टीचे आणि आपली सरगम फिरत्या षड्जाची, आणि असे मांडले की दोन्ही एका कागदावर गुण्यागोविंदाने नांदतात.

मींड दाखवण्यासाठी दोन स्वरांमध्ये रेघ ओढता येते आणि कणस्वर लहान आकारात लिहिता येतो. आंदोलन मात्र कागदावर येत नाही, ते गुरूकडूनच घ्यावे लागते. कणस्वराची एक प्रसिद्ध खोड अशी की दोन पंचरेषांपैकी एकीच्या आरंभी तो लिहिला, तर दुसरीची चिन्हे विचित्र जागी सरकतात. दुसरीतही तेवढ्याच लांबीचा अदृश्य कणस्वर लिहिला म्हणजे ती ताळ्यावर येतात.

एवढे करूनही दोष सापडत नसेल तर मसुद्याची प्रत काढून तिच्यातून एकेक विभाग वगळत जावे, आणि दोष टिकून राहील असा लहानात लहान तुकडा शिल्लक ठेवावा. बहुतेक वेळा तो तुकडा हाती येता येताच कारण दिसते, आणि न दिसले तर जाणकाराला दाखवण्यास चार ओळीच पुरतात. मसुद्याच्या शिरोभागी लिलीपॉन्डची आवृत्ती नमूद करावी, म्हणजे पुढील काळात नियम बदलले तरी 'कन्व्हर्ट-लाय' हे साधन ती फाइल नव्या नियमांत आणू शकते. आणि टक्क्याचे चिन्ह देऊन पुढे जे लिहावे ते यंत्र वाचत नाही व छापत नाही, म्हणून त्या जागी ही चाल कोणत्या गावी, कोणत्या प्रसंगी आणि किती साली ऐकली, दुसऱ्या चरणात म्हणणारे कोठे थांबतात, आणि शेजारच्या गावी तीच जागा कशी घेतात, हे सविस्तर नोंदवून ठेवावे.