दीड दशकाचा हेडसेट

दुबईत मी डॉक्टरांचं रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकून टाइप करण्याच्या, म्हणजे ट्रान्सक्रिप्शनच्या कामाला लागले तेव्हा, 2010 च्या आसपास, या धंद्यातला हमखास हेडसेट म्हणजे हनुवटीखालून जाणारा, स्टेथोस्कोपसारखा हलका. पायाशी रेकॉर्डिंग थांबवायचं-चालवायचं पेडल. दिवसभर घातला तरी डोक्याला भार नाही, कोणी हाक मारली तर ऐकूही येई. आवाजात गोडवा नव्हता. आमच्या कामाला तो लागतही नाही.

पुढे बर दुबईतल्या खालिद बिन अल वलीद रस्त्यावरच्या दुकानांत दणदणीत बासचे मोठे हेडफोन दिसू लागले. गाण्यांना झकास, पण डिक्टेशनमध्ये तोच बास व्यंजनांवर बसतो. इथे बोलणारा डॉक्टर कैरोचा असतो, कोट्टयमचा असतो, मनिलाचा असतो. अरबी वळणाच्या इंग्रजीत 'प'चा 'ब' होतो. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांत शेवटचा 'न' आणि कुठे जोर पडला, एवढाच फरक. औषध 15 मिलिग्रॅम की 50, ते त्यावर ठरतं. 'स'ची धार तर साधारण 4000 हर्ट्झच्या वरच असते. तो पट्टा स्वच्छ ऐकवणारा, 1991 पासून बाजारात असलेला सोनीचा वायरवाला एमडीआर-7506 मला म्हणूनच अजून पटतो. जुन्या फोन लाइनीवरच्या रेकॉर्डिंगला मात्र महागडा हेडसेटही तारत नाही. तिथे 3400 हर्ट्झच्या पुढचं काही पोचतच नाही.

मार्च 2020 मध्ये सगळे घरी बसले, अमिरातीत झूम आणि टीम्सला परवानगी मिळाली आणि मीटिंगांच्या रेकॉर्डिंगचा पूर आला. घरात एसीची अखंड घरघर. ती नॉइज कॅन्सलिंग हेडफोन छान गिळतात, त्यामुळे आवाज चढवावा लागत नाही. हा मोठाच फायदा: जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 40 तास, 80 डेसिबलपर्यंतच सुरक्षित मानते, आणि आमचे 40 तास तर नोकरीतच जातात. पण रेकॉर्डिंगच्या आतला गोंगाट त्यानं जात नाही. शिवाय ब्लूटूथ पेडलच्या मागे रेंगाळतं. थांबून पुन्हा सुरू केलं की काही सेट पहिलं अक्षरच खातात.

सप्टेंबर 2022 मध्ये बोलणं आपोआप लिहून काढणारं व्हिस्पर हे सॉफ्टवेअर आलं. आता पहिला मसुदा यंत्र लिहितं आणि चुकीचा आकडाही ठामपणे लिहितं. तो पकडायला कान पूर्वीपेक्षा जास्त लागतात.

नव्या मुली विचारतात, कोणता घेऊ? दुकानात गाणं लावू नका, आपल्याकडचं सगळ्यांत वाईट रेकॉर्डिंग ऐकून पाहा, रुग्णाचं नाव-गाव नसलेलं. आणि कुशन सुटी मिळतात का, ते आधी विचारा. इथल्या दमट उन्हाळ्यात रेक्झिनचे पापुद्रे लवकर सुटतात.