आरशातला घसा

खाकरताना तोंडात एखादा पिवळट कण येतो. बोटांत चिरडला की असा वास सुटतो की माणूस हादरतो. हा टॉन्सिलमधला खडा. टॉन्सिल गुळगुळीत नसतात. प्रत्येकात दहा-वीस तरी खोल खाचा असतात. त्यांत मेलेल्या पेशी, अन्नकण आणि जिवाणू साचतात, वर कॅल्शियमचे क्षार बसतात आणि गोळा घट्ट होतो. खाचेच्या तळाशी प्राणवायू जेमतेम पोचतो. तिथले जिवाणू प्रथिने कुजवून गंधकाची संयुगे सोडतात. त्यातला हायड्रोजन सल्फाइड म्हणजेच सडक्या अंड्याचा वास.

हे खडे घरी पाहता येतात. 1854 मध्ये मान्युएल गार्सिया या स्पॅनिश गायनशिक्षकाने दंतवैद्याचा चिमुकला आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडले आणि स्वतःच्या स्वरतंतूंची हालचाल पाहिली. टॉन्सिलसाठी एवढी कसरत नको. ते पडजिभेच्या दोन्ही अंगांना, दोन उभ्या पडद्यांच्या मधल्या कोनाड्यात बसलेले असतात. आरसा आणि मोबाइलचा टॉर्च पुरतो.

आधी खळखळून चूळ भरा, नाहीतर दहीभाताचे शीतच खडा म्हणून सापडायचे. मग जीभ बाहेर न ताणता सैल ठेवा आणि तोंडाने श्वास घ्या. जीभ जोर लावून बाहेर काढली की मागचा भाग उलट वर येतो आणि सगळे झाकून टाकतो. तरी दिसत नसेल तर चमच्याच्या पाठीने जीभ हलकेच दाबा, पण पुढच्या भागावर. फार मागे गेलात की उबळ येणारच.

आता दिसेल त्याला घाबरायचे नाही, हे खरे कठीण काम. जिभेच्या मुळाशी मोठाल्या पुटकुळ्यांची उलट्या व्हीसारखी रांग दिसते. त्या सगळ्यांनाच असतात. घशाच्या मागच्या भिंतीवरचे बारीक उंचवटेही बहुधा निरुपद्रवी. खडा मात्र एखाद्या खाचेच्या तोंडाशी पांढरट-पिवळा ठिपका म्हणून दिसतो. काही खडे पुढच्या पडद्याआड दडलेले असतात आणि भलत्याच कारणाने काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये अचानक सापडतात. म्हणून काही दिसले नाही, तर खडा नाहीच असे म्हणता येत नाही. आणि दिसला, तरी तोंडाच्या वासाचा दोष लगेच त्याच्या माथी मारू नये. बहुतेकांच्या बाबतीत वास जिभेच्या मागच्या थरातून किंवा हिरड्यांतून येतो.

खडा दिसला की हात शिवशिवतात. सेफ्टीपिन, हेअरपिन, कान कोरायची काडी, काहीही घशात घालणारे लोक आहेत. टॉन्सिलला रक्तपुरवठा भरपूर असतो. जखम झाली तर रक्त वाहते आणि जंतुसंसर्गाला वाट मिळते. कोमट मिठाच्या पाण्याने जोरात गुळण्या कराव्यात. पुष्कळ खडे आपणहून सुटतात, आणि त्रास न देणाऱ्या खड्याला कान-नाक-घशाचे डॉक्टरही सहसा हात लावत नाहीत. ताप, गिळताना कळ आणि टॉन्सिलवर पांढरे चट्टे असतील तर तो संसर्ग समजून दाखवावे.

एकच टॉन्सिल दुसऱ्यापेक्षा ठळकपणे मोठा असेल, तीन आठवड्यांत न भरणारा व्रण असेल किंवा मानेत गाठ लागत असेल, तर खड्याचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. तंबाखू, मावा किंवा गुटखा खाणाऱ्यांनी तर तीन आठवड्यांचीही वाट पाहू नये.